कन्सोल ८० टक्के म्हणतोय, पण कशाचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजीला पाटोवर मुख्य ऑफिस, वेर्ण्याला कारखाना आणि त्याची लॅब, म्हापसा आणि फोंड्याला लहान ऑफिसं. कन्सोलवर, म्हणजे सगळ्यांचं अँटिव्हायरस एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एकूण १४० मशीन. अँटिव्हायरसची नवी आवृत्ती आली म्हणून तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी कन्सोलवरून सगळ्यांना एकदम अपग्रेडचा टास्क लावला आणि घरी गेलात. सोमवारी पाहिलं तर ११२ झालेली, ११ ‘रीस्टार्ट बाकी’, ९ ऑफलाइन, ८ फेल. म्हापशाचं नेट सकाळभर रडत होतं, लॅबमधून शिव्या आल्या, आणि साहेबांना शुक्रवारपर्यंत १०० टक्क्यांचा रिपोर्ट हवा आहे. टास्क पुन्हा चालवू का, असं विचारताय.

नका चालवू. निदान आज तरी नको. उरलेल्या २८ मशीनची दुखणी वेगवेगळी आहेत. सगळ्यांना पुन्हा तेच औषध पाजलं तर म्हापशाचं नेट पुन्हा बसेल आणि फेल झालेल्या आठांच्या लॉगवर नव्या फेल्युअरचा थर चढेल. पहिल्या खेपेचा लॉग सोन्याच्या मोलाचा असतो. तो आधी बाजूला काढून ठेवा.

मला जास्त काळजी त्या २८ची नाही, १४०ची आहे. हा आकडा कुठून आला? कन्सोलनेच सांगितला ना? कन्सोलला फक्त त्याच्याशी बोलणारी मशीन माहीत असतात. ज्या मशीनवर एजंट (कन्सोलशी बोलणारा छोटा प्रोग्राम) कधी पडलाच नाही, किंवा पडून मेला, ते मशीन त्याच्या हिशेबातच नाही. ८० टक्के म्हणताना अंशाकडे सगळे बघतात, छेदाकडे, म्हणजे एकूण आकड्याकडे, कोणी बघत नाही. वीसेक वर्षं हेच काम करतोय, आणि ज्या ज्या ठिकाणी व्हायरस आत शिरलेला पाहिला, तिथे तो बहुतेक वेळा छेदात नसलेल्या मशीनवरून आला होता. गोडाउनच्या कोपऱ्यातला वजनकाट्याचा पीसी, बायोमेट्रिक हजेरीचा पीसी, कोणा मॅनेजरने बदली झाल्यावर कपाटात ठेवून दिलेला लॅपटॉप.

म्हणून आधी तीन याद्या काढा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली (ऑफिसच्या मशीन आणि लॉगिनच्या केंद्रीय नोंदीतली) मशीन, डीएचसीपीने (मशीनना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेने) दिलेले पत्ते, आणि खरेदीचं किंवा एएमसीचं (देखभाल कराराचं) रजिस्टर. तिन्ही एक्सेलमध्ये आणून कन्सोलच्या यादीशी ताडून बघा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत शेवटच्या लॉगिनची जी तारीख दिसते ती तंतोतंत नसते, दोनेक आठवड्यांचा फरक पडतो. तेव्हा तीन महिन्यांत लॉगिन नाही ते मेलेलं, असं धरून चाला. मग याद्या गुंडाळून ठेवा आणि एक दिवस पायी फिरा. म्हापशाच्या काउंटरखाली पाय घालून बसलेला सीपीयू एक्सेलमध्ये सापडत नाही.

छेदाची दुसरी गंमत याच्या उलटी असते. एका ठिकाणी आम्ही एकच इमेज (विंडोज आणि प्रोग्रामसकट तयार प्रत) बारा मशीनवर उतरवली होती आणि इमेज बनवताना एजंट आधीच आत टाकलेला होता. एजंट पहिल्यांदा चालला की स्वतःचा ओळख क्रमांक तयार करतो. तो क्रमांक इमेजमध्येच गोठला आणि बाराही मशीन एकाच नावाने कन्सोलसमोर उभी राहिली. कन्सोलवर एकच मशीन, हिरवंगार. रिफ्रेश केलं की आयपी १९२.१६८.१०.२१, पाच मिनिटांनी पुन्हा केलं की १९२.१६८.१०.२७, मग ३३. मी तासभर डीएचसीपीला शिव्या घालत होतो. टास्क त्यातल्या जे मशीन त्या क्षणी बोलत होतं त्याला मिळायचा, बाकी अकरा उपाशी. तुमच्या यादीत एखाद्या मशीनचा आयपी असा उड्या मारत असेल तर एजंटचा ओळख क्रमांक नव्याने तयार करा. बहुतेक सगळ्या कंपन्या त्यासाठी लहानसं टूल देतात.

आता अपग्रेडबद्दल. ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ हे शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण कन्सोलसमोर बसल्यावर ते वेगळे ठेवायला लागतात. रोज येणाऱ्या डेफिनिशन, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणांच्या याद्या, ही एक गोष्ट, प्रोग्रामची आवृत्ती ही दुसरी. आवृत्ती बदलते तेव्हा ड्रायव्हर बदलतात, म्हणून रीस्टार्ट लागतो. त्यातही तीन मजले आहेत: कन्सोलचा सर्व्हर, मशीनवरचा एजंट, आणि प्रत्यक्ष संरक्षण करणारा प्रोग्राम. चढायचं याच क्रमाने. जुन्या सर्व्हरला नव्या प्रोग्रामची भाषा नीट कळत नाही. मशीन सुरक्षित असतं पण कन्सोलवर लाल दिसतं, किंवा नव्या सेटिंग त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. काही उत्पादनांत एजंट आणि प्रोग्राम एकच असतात, तिथे दोनच मजले. तुम्ही सर्व्हर आधी केलात का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. केला नसेल तर आठ फेलपैकी काहींचं उत्तर तिथेच असू शकतं.

सर्व्हरला हात लावण्याआधी बॅकअप. डेटाबेसचा तर हवाच, पण सोबत सर्व्हरच्या सर्टिफिकेटचाही, म्हणजे एजंटला सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइलचाही. हे दुसरं लोक विसरतात. सर्व्हर बसला आणि नव्याने उभा केला, पण जुनं सर्टिफिकेट नाही, तर शंभर एजंट नव्या सर्व्हरला ओळख देत नाहीत. मग गावोगाव फिरून प्रत्येक मशीनवर हाताने जोडणी. शिवाय सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि सर्व्हर बदलताना जुना डेटाबेस ‘स्वच्छ’ करायचा मोह होतो. तो आवरा.

डेफिनिशनबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. लोक म्हणतात, आवृत्ती जपून चढवावी, डेफिनिशन मात्र बिनधास्त. १९ जुलै २०२४ची शुक्रवारची सकाळ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने आपल्या वेळेप्रमाणे ९ वाजून ३९ मिनिटांनी एक फाइल सोडली आणि ७८ मिनिटांत मागे घेतली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली होती, म्हणजे बंद पडली होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती फाइल म्हणजे नवी आवृत्ती नव्हती, रोज येणाऱ्या डेफिनिशनसारखाच मजकूर होता. ज्यांनी ‘आम्ही एक आवृत्ती मागेच राहतो’ असं धोरण शहाणपणाने ठेवलं होतं, तेही त्यात सापडले, कारण ते धोरण त्या फाइलला लागूच नव्हतं. हे पहिल्यांदा झालं असंही नाही. २१ एप्रिल २०१०ला मॅकअ‍ॅफीच्या एका डेफिनिशनने एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३मधली विंडोजचीच एक मुख्य फाइल व्हायरस समजून उचलली होती आणि मशीन रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकली होती. तुमच्या कन्सोलवर डेफिनिशन काही तास उशिरा घेणारा ग्रुप करता येत असेल तर सर्व्हर आणि कारखान्याची मशीन त्यात टाका. इंटरनेटला उघड्या असलेल्या लॅपटॉपना मात्र उशीर नको, त्यांच्या बाबतीत उलट हिशेब आहे.

पायलट ग्रुप, म्हणजे सगळ्यांच्या आधी चाचणीला घ्यायची मोजकी मशीन. तुम्ही तो केलाच नाहीत, आणि केला असतात तर बहुधा आयटीच्याच पाच मशीनचा केला असता. सगळे तसंच करतात. आयटीच्या मशीनवर काय असतं? ब्राउझर आणि रिमोट डेस्कटॉप. तिथे काहीच बिघडत नाही, म्हणून तिथून काही कळतही नाही. पायलटमध्ये अकाउंट्सचं एक मशीन हवंच, ज्यावर टॅली आहे, डिजिटल सहीचं टोकन लागतं, आणि जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला आहे. स्टोअरमधलं एक, जिथे बारकोड स्कॅनर आहे. म्हापशाचं एक आणि फोंड्याचं एक, म्हणजे लाईनचाही अंदाज येतो. आणि एक अशा माणसाचं जो काही बिघडलं की दोन मिनिटांत फोन करतो. असा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो आणि आपण त्याला टाळत असतो. पायलटसाठी त्याच्यासारखा कोणी नाही.

डिजिटल सहीच्या टोकनचं मुद्दाम लिहितोय, कारण त्याने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं. नव्या आवृत्तीबरोबर डिव्हाइस कंट्रोलचा भाग आला होता आणि तो आपोआप चालू झाला. आमच्या पॉलिसीत पेनड्राइव्ह बंद होते, त्यामुळे मला वाटलं, बरंच झालं. पण ही टोकनं यूएसबीला लावली की विंडोजला एक सीडी ड्राइव्हसुद्धा दाखवतात, आतला ड्रायव्हर त्यातूनच येतो. डिव्हाइस कंट्रोलने तो ड्राइव्ह अडवला. तारीख होती २०, म्हणजे जीएसटीआर-३बी, जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. दुपारी साडेतीनला अकाउंट्सच्या मॅडम माझ्या टेबलाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. तेवढं पुरे होतं. तेव्हापासून महिन्याची ७, ११ आणि २० या कराच्या तारखांच्या आसपास अकाउंट्सच्या ग्रुपला मी हात लावत नाही, आणि नव्या आवृत्तीने कोणते नवे भाग स्वतःहून चालू केलेत ते आधी पायलटच्या पॉलिसीत एकेक करून बघतो.

तारखांचा विषय निघालाच आहे तर आपलं गोव्याचं कॅलेंडरही बघा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात अपग्रेड सोडू नका. निम्मे लोक गावी, लॅपटॉप घरी नाहीतर बॅगेत बंद. चवथ झाल्यावर सगळे एकाच सकाळी येतात, सगळी मशीन एकाच वेळी चालू होतात आणि अडकलेले सगळे टास्क एकदम सुटतात. ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, त्यानंतर नाताळ, हा महिनाही तसाच तुटक. मला विचाराल तर मंगळवार. मंगळवारी बिघडलं तर निस्तरायला तीन दिवस हातात असतात. शुक्रवारी बिघडलं तर रविवारी तुम्ही वेर्ण्याला.

म्हापशाच्या नेटचा हिशेब कागदावर मांडूनच बघा. पॅकेज ५०० एमबीचं धरू, तिथे २५ मशीन. प्रत्येकाने ते पणजीहून ओढलं तर १२.५ जीबी. लाईन २० एमबीपीएस असेल तर पूर्ण लाईन वापरूनही ८३ मिनिटं, आणि निम्मी लाईन कामाला ठेवायची तर पावणेतीन तास. पूर्ण लाईन खाल्ली तर त्या वेळात तिथला माणूस ईमेल उघडू शकत नाही. यावर उपाय बहुतेक उत्पादनांत आहे, नाव तेवढं वेगळं: कास्परस्कीत डिस्ट्रिब्युशन पॉइंट, सिमँटेकमध्ये ग्रुप अपडेट प्रोव्हायडर, ट्रेंड मायक्रो आणि आपल्या पुण्याच्या सिक्राइटमध्ये अपडेट एजंट, सोफोसमध्ये अपडेट कॅश. त्या ऑफिसातलं एक मशीन पॅकेज एकदाच आणतं आणि बाकीच्यांना तिथल्या तिथे वाटतं. पाववाल्याने एका घरात टोपली ठेवावी आणि वाड्यावरच्यांनी तिथून उंडे न्यावेत, तसं. पण आपलं उत्पादन त्या मार्गाने नुसत्या डेफिनिशन वाटतं की आवृत्तीचं पॅकेजही, ते आधी तपासा. सगळी दोन्ही वाटत नाहीत. आणि हे मशीन निवडताना मॅनेजरचा लॅपटॉप निवडू नका, तो पाच वाजता बॅगेत जातो. केबलने जोडलेला, यूपीएसवर असलेला, सी ड्राइव्हवर भरपूर जागा असलेला डेस्कटॉप घ्या. शिवाय टास्कला ‘एका तासात विखरून सुरू कर’ असा पर्याय बहुधा असतो. तो टिक करा.

आता तुमच्या २८कडे येऊ.

‘रीस्टार्ट बाकी’वाली ११ सगळ्यात सोपी आहेत आणि सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. फोन केला की समोरचा म्हणतो, “अहो, मी रोज बंद करून जातो, मेन स्विचसुद्धा काढतो.” तो खोटं बोलत नसतो. विंडोज १० आणि ११मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शटडाउन केलं की माणूस लॉगआउट होतो, पण विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. जुने ड्रायव्हर जसेच्या तसे. स्विच काढला तरी फरक नाही, कारण झोप डिस्कवर लिहिलेली असते. खरा रीस्टार्ट फक्त ‘रीस्टार्ट’ दाबल्यानेच होतो. वाद घालू नका, टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखालचा ‘अप टाइम’ वाचायला सांगा. मी ४१ दिवस पाहिलाय, रोज इमानाने शटडाउन करणाऱ्या माणसाच्या मशीनवर. ग्रुप पॉलिसीतून फास्ट स्टार्टअप बंद करून टाका, पुढच्या अपग्रेडला निम्मे फोन वाचतील.

ऑफलाइन ९मधली किती खरोखर ऑफलाइन आहेत ते आधी बघा. पिंगला (मशीन नेटवर्कवर आहे का ते विचारणाऱ्या कमांडला) उत्तर येतं पण कन्सोलवर ऑफलाइन, असं असेल तर एजंट आजारी आहे. इथे आपल्या पावसाचा एक खास रोग सांगतो. डिचोलीच्या एका ऑफिसात एक मशीन जून ते सप्टेंबर कन्सोलवर येत-जात असायचं. उन्हाळ्यात ठणठणीत. मी केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, एजंट दोनदा नव्याने टाकला. तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा नुकतीच लाईट जाऊन आली होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सेल मेलेला. लाईट गेली की घड्याळ शून्यावर, आणि २००९ सालात आमच्या कन्सोलचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नव्हतं, म्हणून एजंट जोडणी नाकारत होता. मशीन डोमेनमध्ये (ऑफिसच्या केंद्रीय लॉगिन व्यवस्थेत) नव्हतं, आणि अशा मशीनवर घड्याळ १५ तासांहून जास्त चुकलेलं असलं तर विंडोज मूळ सेटिंगमध्ये आपणहून वेळ दुरुस्त करत नाही. कोणीतरी कधीतरी हाताने तारीख बदलायचं, तेवढे दिवस मशीन हिरवं. सीआर २०३२ सेल, शेजारच्या घड्याळजीकडे मिळाला. माझ्या तीन फेऱ्या त्या सेलपेक्षा कितीतरी महाग पडल्या. घड्याळं एका वेळेला जुळवून ठेवा, हे सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत आहे. मी ते तोवर कागदी कलम समजत होतो.

फेल झालेल्या ८साठी लॉग वाचायला लागेल. त्याला पर्याय नाही, पण तो भीतीदायकही नाही. विंडोज इन्स्टॉलरच्या लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा, त्याच्या लगेच वरच्या ओळींत खरं कारण असतं. शेवटी दिसणारा १६०३ हा आकडा म्हणजे डॉक्टरने ‘ताप आहे’ म्हणण्यासारखा, त्यावरून रोग कळत नाही. १६१८ म्हणजे त्या वेळी दुसरं काहीतरी इन्स्टॉल होत होतं, बहुधा विंडोज अपडेट. ते मशीन पुन्हा चालवलं की होतं. ३०१० फेलमध्ये मोजलं असेल तर ते फेल नाहीच, काम झालंय आणि रीस्टार्ट हवाय. उरलेल्यांत मला नेहमी सापडणारी कारणं अशी: सी ड्राइव्हवर जागा नाही, आधीच्या अँटिव्हायरसचे, किंवा लॅपटॉपबरोबर फुकट आलेल्या ट्रायलचे अवशेष तसेच, जुन्या आवृत्तीला काढून टाकण्याचा पासवर्ड होता आणि तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाबरोबर गेला. आणि विंडोज ७. त्याला नव्या प्रकारच्या डिजिटल सह्या ओळखायला मायक्रोसॉफ्टचे २०१९चे पॅच लागतात. ते नसतील तर नव्या पॅकेजवरची सही त्याला खोटी वाटते. ते असूनही बऱ्याच नव्या आवृत्त्या विंडोज ७ला घेतच नाहीत. अशा मशीनवर चालणारी शेवटची आवृत्ती ठेवा, वेगळा ग्रुप करा, नेटवर्कमध्ये वेगळं कोंडा, आणि रिपोर्टमध्ये ते ‘फेल’ न लिहिता ‘मुद्दाम मागे ठेवलेलं’ असं कारणासकट लिहा. विंडोज १०चा मोफत सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हा ही रांग आता वाढत जाणार, हे साहेबांच्या कानावर आत्ताच घाला.

लॅबबद्दल मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण तिथे मी स्वतः तोंड भाजून घेतलंय. वेर्ण्यालाच, एका औषध कंपनीत, बऱ्याच वर्षांपूर्वी. लॅबमधल्या एचपीएलसी यंत्राला (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या) जोडलेला पीसी मला इतर पीसीसारखाच पीसी वाटला. डोमेनमध्ये होता, एजंट होता, ‘सर्व मशीन’ ग्रुपमध्ये होता. रात्री अकराला अपग्रेड सुटला, साडेअकराला सक्तीचा रीस्टार्ट. त्या पीसीवर संध्याकाळी सहाला लावलेला सीक्वेन्स चालू होता, एकामागून एक नमुने सकाळपर्यंत. यंत्र आपलं इमानाने नमुने ढकलत राहिलं असावं, पण आलेख टिपायला पलीकडे कोणी नव्हतं. सकाळी विश्लेषक मुलगी आली तर अर्धवट तुटलेला सीक्वेन्स आणि लॉगिनचा पडदा. औषध कंपनीत हे ‘पुन्हा करू’ म्हणून मिटत नाही. डेव्हिएशन (ठरल्याबाहेर काही घडल्याची रीतसर नोंद) उघडलं, क्यूएने (गुणवत्ता विभागाने) विचारलं की संगणक कोणी बंद केला, कोणाच्या परवानगीने, आणि त्या पीसीच्या प्रमाणित अवस्थेत बदल झाला त्याचा चेंज कंट्रोल (बदलाची लेखी मंजुरी) कुठे आहे. माझ्याकडे कन्सोलचा हिरवा स्क्रीनशॉट होता. तो मी दाखवला नाही.

तुमच्या लॅबमधून सोमवारी नक्की कशाबद्दल शिव्या आल्या ते लिहिलं नाहीत. आज दुपारी तिथे स्वतः जा, फोनवर नको. कोणता पीसी, किती वाजता बंद झाला, त्यावर काय चालू होतं, हे त्यांच्यासमोर लिहून घ्या, आणि कन्सोलवरची टास्कची वेळ लपवू नका. यंत्रांना जोडलेले सगळे पीसी वेगळ्या ग्रुपमध्ये हलवा: आपोआप अपग्रेड बंद, आपोआप रीस्टार्ट बंद, यंत्राच्या कंपनीने सांगितलेली डेटाची फोल्डरं रिअल-टाइम स्कॅनमधून (फाइल उघडताच होणाऱ्या तपासणीतून) वगळलेली. नवी आवृत्ती त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरबरोबर चालते का, हे यंत्र देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या. मग चेंज कंट्रोल, मग यंत्र मोकळं असल्याचं लॅबने सांगितलेली वेळ, आणि मग तुम्ही स्वतः तिथे बसून एकेक मशीन. हळू होतं. होऊ दे.

मागे फिरायची वाटही आधीच आखून ठेवा. जुन्या आवृत्तीचं पॅकेज, साफ करायचं टूल, आणि प्रत्येक मशीनचा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर त्याच्या रिकव्हरी की. २०२४च्या त्या शुक्रवारी कित्येकांचं घोडं तिथेच अडलं: मशीन सेफ मोडमध्ये न्यायला की हवी, आणि की ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या तो सर्व्हरही निळा. एक प्रत कागदावर, तिजोरीत. जुनाट वाटेल, वाटू दे. म्हापशाला आणि फोंड्याला पेनड्राइव्ह घेऊन कोण जाणार, हेही आजच ठरवा, ऐन वेळी धावाधाव नको.

लोकांना काय सांगायचं, याकडे आयटीवाले तुच्छतेने बघतात. इंग्रजीत चार परिच्छेदांचा ईमेल कोणी वाचत नाही. मी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढंच टाकतो: “उद्या मंगळवारी दुपारी १ ते २ मध्ये तुमच्या मशीनवर अँटिव्हायरसची नवी आवृत्ती येईल. जेवायला जाताना फाइल सेव्ह करा, मशीन चालू ठेवा. परत आल्यावर ‘रीस्टार्ट’ दाबा, ‘शटडाउन’ नाही. काही अडलं तर मला फोन करा, मशीन दहा वेळा बंद-चालू करू नका.” खाली माझा नंबर. कोकणीत बोलणाऱ्यांना मी जाता-जाता तोंडी सांगतो, “बाब, रीस्टार्ट हां, बंद न्हय.” त्याचा जास्त उपयोग होतो.

तर या आठवड्यात: आज लॅब आणि पहिल्या खेपेचे लॉग बाजूला काढणं. उद्या ११ जणांना फोन. बुधवारी याद्या ताडून बघणं आणि म्हापशाला एक डेस्कटॉप अपडेट वाटायला नेमणं. गुरुवारी आठ फेलमधली जी जागेमुळे किंवा १६१८मुळे अडली ती. शुक्रवारी साहेबांना १०० टक्के मिळणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर तुमचा आकडा ८०च्या खालीही जाईल, कारण छेद वाढलेला असेल. रिपोर्टच्या पहिल्या ओळीत तेच लिहा: ‘कन्सोलवर नसलेली इतकी मशीन सापडली.’ फेल झालेल्यांपैकी फोंड्याची काही असतील तर त्यांचे लॉग मला पाठवा, ‘रिटर्न व्हॅल्यू ३’च्या वरच्या वीस ओळी पुरेत.